डोंगरवाटांवर चालणाऱ्या जीपसाठी खात्रीची बॅटरी कशी निवडावी?

संत्राबाग (अचलपूर):

नमस्कार मंडळी. आमच्याकडे अडीच लिटर डिझेल इंजिनाची जुनी फोर बाय फोर जीप आहे. संत्र्याच्या बागेत ये-जा करणे, पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून शेतावर पोहोचणे आणि अधूनमधून घाट चढून सेमाडोह, हरिसालच्या बाजूला नातेवाइकांकडे जाणे ही तिची कामे. सध्याच्या बॅटरीने तीन उन्हाळे काढले आहेत. अलीकडे सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि दोन-तीनदा किल्ली फिरवल्यावर इंजिन कसेबसे उठते.

परतवाड्याच्या दुकानात पाणी घालायच्या झाकणांची साधी बॅटरी, सीलबंद मेंटेनन्स फ्री बॅटरी आणि त्याहून बरीच महाग एजीएम नावाची बॅटरी असे तीन पर्याय दाखवले. शेजारच्या काकांचे म्हणणे असे की ट्रॅक्टरची ८८ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरीच जीपमध्ये बसवावी, म्हणजे चिंता मिटेल. मेळघाटात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही आणि सोबत लहान मुले असतात, त्यामुळे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण बॅटरी खात्रीची हवी. जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

वायरमन (धारणी):

संत्राबाग भाऊ, दुकानात जाण्याआधी दोष बॅटरीचाच आहे याची खात्री करून घ्यावी. जुन्या जीपमध्ये अशा ‘टक्’ आवाजाचे मूळ पुष्कळदा अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्टीत, सापडते. पावसाळाभर चिखल बसून चेसिसकडची बाजू गंजते. वरून नट घट्ट दिसतो, आत मात्र गंजाचा थर असतो. नवी बॅटरी टाकल्यावर गाडी काही दिवस बरी चालते, मग तीच तक्रार पुन्हा सुरू होते आणि बोल बॅटरीला लागतो.

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, किल्ली न लावता, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर व्होल्टेज पाहावे. १२.६ किंवा अधिक असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी समजावी. नंतर दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकडा किती खाली जातो ते पाहावे. बऱ्यापैकी भरलेली बॅटरीही ९.६ च्या खाली जात असेल तर ती थकलेली आहे. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारावा, येथे ०.२ व्होल्टपेक्षा अधिक दिसले तर अर्थिंग सदोष आहे. शेवटी इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, थोडी रेस द्यावी. तेव्हा बॅटरीवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान व्होल्टेज यायला हवे. बॅटरीला झाकणे असतील तर हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) बॅटरीतले सहाही सेल, म्हणजे कप्पे, तपासावेत, मात्र डोळ्यांवर चष्मा असावा आणि जवळ भरपूर पाणी असावे. सगळे आकडे येथे लिहावेत, म्हणजे पुढचे बोलता येईल.

संत्राबाग (अचलपूर):

वायरमन दादा, सांगितल्याप्रमाणे सर्व मोजले. सकाळी १२.४५ व्होल्ट आले. सेल्फ मारताना आकडा ९.१ पर्यंत उतरला. अर्थिंगवर ०.८ दिसले, म्हणून पट्टी काढून दोन्ही बाजू वायर ब्रशने चकचकीत केल्या आणि पुन्हा आवळल्या. आता तेथे ०.१ येते, पण सेल्फ मारताना बॅटरी ९ च्या आसपासच जाते. चार्जिंग १४.१ आहे. हायड्रोमीटरमध्ये पाच सेल १.२५० आणि पॉझिटिव्ह टर्मिनलकडून तिसरा सेल १.१६० दाखवतो. दुकानात रात्रभर चार्जिंगला लावूनही त्या सेलचा आकडा वर आला नाही.

तंत्रनिकेतन (यवतमाळ):

आपण दिलेले आकडे फार बोलके आहेत. सेलचे व्होल्टेज ढोबळमानाने त्याच्या आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वात ०.८४ मिळवून काढता येते. १.२५० चा सेल २.०९ व्होल्ट देतो, अशा पाच सेलचे १०.४५ झाले, आजारी सेल १.१६० चा, म्हणजे २.०० व्होल्टचा, बेरीज १२.४५, आणि नेमकी हीच आपल्या मीटरने दाखवली. केवळ व्होल्टेज पाहणाऱ्याला ही बॅटरी पाऊण भरलेली आणि ठणठणीत वाटली असती. परंतु सहाही सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे सेल्फचा सगळा प्रवाह त्या दुबळ्या सेलमधूनच जावा लागतो. अर्थिंगचा दोष खरा होता आणि तो दूर झाला हे उत्तमच, पण बॅटरीही बदलावीच लागेल. सीलबंद बॅटरीवर जो हिरवा डोळा असतो तो सहापैकी एकाच सेलमध्ये डोकावतो, त्यामुळे बाकीच्या पाच सेलपैकी एखादा बसला असेल तर त्याला त्याचा पत्ताही नसतो, हे येथेच नोंदवून ठेवतो.

आता निवडीविषयी. दुकानात सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअरचा असतो. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात ३० सेकंद जेवढा प्रवाह देऊनही बॅटरीचे व्होल्टेज ७.२ च्या खाली जात नाही, तो हा प्रवाह. लेह-लडाखला जाणाऱ्यांसाठी तो जीवनमरणाचा आकडा असेल. आपल्याकडे चिखलदऱ्याच्या कडाक्याच्या थंडीतही त्याच्या जवळपास जाणारे तापमान नसते. डिझेल इंजिन फिरवायला जोर लागतो, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नये, पण केवळ हा आकडा वाढवण्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. उलट, त्याच आकाराच्या खोक्यात हा आकडा वाढवण्यासाठी पातळ आणि संख्येने जास्त प्लेट्स बसवाव्या लागतात, आणि पातळ प्लेट उष्णतेत लवकर झिजते.

विदर्भात बॅटरीचा खरा शत्रू उष्णता आहे. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी अधिक तापते. तापमान १० अंशांनी वाढले की बॅटरीतील झीज घडवणाऱ्या रासायनिक क्रिया सुमारे दुपटीने वेगवान होतात, असा ढोबळ नियम आहे. पॉझिटिव्ह प्लेटची शिशाची जाळी गंजते, पाणी उडते आणि उभ्या बॅटरीची आपोआप होणारी गळतीही वाढते. गंमत अशी की हे नुकसान उन्हाळ्यात होते, पण तेव्हा इंजिन गरम आणि तेल पातळ असल्यामुळे सेल्फ सहज फिरतो; उघडकीस ते येते डिसेंबरच्या सकाळी, आणि आपण थंडीला दोष देतो. बॅटरीभोवती कंपनीने दिलेले आवरण किंवा पत्र्याचा आडोसा असेल तर तो गॅरेजमध्ये काढून फेकू देऊ नये.

ट्रॅक्टरच्या बॅटरीविषयी: जास्त अँपिअर-अवरची बॅटरी लावल्याने डायनॅमो जळतो, हा समज खरा नाही. अडचण वेगळीच आहे. ती बॅटरी जीपच्या ट्रेमध्ये नीट बसत नाही, मूळ क्लॅम्प लागत नाही, मग रबरी ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधावी लागते आणि उंची जास्त असेल तर टर्मिनल बोनेटला टेकण्याची भीती राहते. पॉझिटिव्ह टर्मिनल बोनेटच्या पत्र्याला लागले तर आग लागू शकते. म्हणून माप आधी पाहावे. जपानी पद्धतीचा क्रमांक असेल, उदाहरणार्थ ५५ डी २३ एल, तर त्यातील पहिला आकडा क्षमतेची श्रेणी, ‘डी’ हे रुंदी-उंचीचे माप, २३ ही सेंटिमीटरमधील लांबी आणि शेवटचे ‘एल’ किंवा ‘आर’ हे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते सांगते. हे शेवटचे अक्षर चुकले तर केबल ताणून लावावी लागते आणि खडबडीत रस्त्यावर ताणलेली केबल टर्मिनल मुळापासून सैल करते.

मोहर्लीची जिप्सी (चंद्रपूर):

सरांनी उष्णतेचे सांगितले, मी हादऱ्यांचे आणि उभ्या गाडीचे सांगतो, कारण आम्हा सफारीवाल्यांच्या बॅटऱ्या याच दोन गोष्टींनी जातात. कच्च्या रस्त्यावर सतत हादरे बसले की प्लेटवरचा लेप सुटून तळाशी साचतो आणि तो गाळ वर चढत प्लेटच्या कडांना भिडला की सेल आतल्या आत शॉर्ट होतो. क्लॅम्प सैल असेल तर हे फार लवकर घडते. नवी बॅटरी बसवल्यावर दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावी. गाडी हलली पाहिजे, बॅटरी हलता कामा नये. ट्रेमध्ये खाली जाड रबराचा तुकडा ठेवावा आणि क्लॅम्पचे नट पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळावेत.

ताडोब्याचा गाभा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. त्या काळात ज्या गाड्या बफरमध्येही फिरत नाहीत त्या उभ्याच राहतात. गाडी बंद असतानाही घड्याळ, म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर अशा गोष्टी थोडा थोडा प्रवाह खातात. ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती गाडीत सर्वसाधारण मानली जाते, पण तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-अवर आणि महिन्याला ३६ अँपिअर-अवर जातात. म्हणजे ६५ ची बॅटरी महिनाभरात निम्म्याहून अधिक रिकामी होते, आणि रिकामी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचे कडक खडे जमतात, जे नंतर चार्जिंगने विरघळत नाहीत. आम्ही गाडी उभी करताना निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवतो आणि पावसाळ्यात अधूनमधून बॅटरी चार्जिंगला लावतो. संत्राबाग भाऊंची जीप बागेत किती दिवस सलग उभी असते, हे त्यांनी जरूर सांगावे.

पर्लकोटाकाठ (भामरागड):

आमच्याकडे आरोग्य शिबिरांची गाडी आलापल्लीच्या जंगलातून ये-जा करते आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. झाकणांची की सीलबंद, या प्रश्नावर माझा अनुभव सांगतो. गाडीवर चालक बदलत राहतात, त्यामुळे दर महिन्याला झाकणे उघडून पाण्याची पातळी पाहण्याचे काम कोणाच्याच अंगावर राहत नाही. बॅटरीचे पाणी येथे हाताशी मिळत नाही, मग कोणीतरी हातपंपाचे पाणी भरतो. सीलबंद बॅटरीत कॅल्शियम मिश्रित शिसे असल्यामुळे पाणी फार कमी उडते, आणि चिखलात गाडी कलली तरी आम्ल सहसा बाहेर येत नाही. अशा परिस्थितीत मेंटेनन्स फ्री बॅटरीच योग्य, असे माझे मत आहे.

वायरमन (धारणी):

पर्लकोटाकाठ दादा, आपले म्हणणे आपल्या गाडीपुरते बरोबर आहे. ज्या गाडीला एक मालक नाही तिला सीलबंदच द्यावी. परंतु मालक स्वतः बोनेट उघडणारा असेल, तर मी आजही झाकणांची बॅटरी सुचवतो, कारण संत्राबाग भाऊंचा तिसरा सेल हायड्रोमीटरमुळेच सापडला. सीलबंद बॅटरीत तो दिसला नसता. फक्त दर पंधरवड्याला, मे महिन्यात आठवड्याला, पातळी पाहण्याची शिस्त हवी.

पाण्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो की विहिरीचे, बोअरचे, फिल्टरचे कोणतेही पाणी घालू नये. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीच्या पाण्यात क्षार इतके आहेत की ते बॅटरीत गेल्यास प्लेट्स गेल्याच म्हणून समजा. डिस्टिल्ड पाण्याची बाटली गाडीत ठेवावी. आम्ल कधीही वरून घालू नये. उडते ते पाणी, आम्ल आतच राहते. पाणीसुद्धा बॅटरी चार्ज झाल्यावर खुणेपर्यंतच भरावे.

खारपाणपट्टा (तेल्हारा):

माझा एक प्रश्न याच धाग्यात विचारतो. एजीएम बॅटरीत आम्ल सांडत नाही आणि ती हादरे चांगले सोसते, असे वाचले होते. मग जंगलातल्या गाडीला तीच सर्वांत योग्य नव्हे काय? आणि हल्ली लिथियमच्या बॅटऱ्याही हलक्या म्हणून सुचवल्या जातात.

तंत्रनिकेतन (यवतमाळ):

एजीएममध्ये आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते आणि प्लेट्स दाबून बसवलेल्या असतात, त्यामुळे हादऱ्यांच्या बाबतीत ती सरस आहे यात शंका नाही. विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) वापरणाऱ्यांनाही ती उपयोगी पडते, कारण विंच भाराखाली काहीशे अँपिअर ओढते. पण तिच्यात उडालेले पाणी परत घालता येत नाही, आणि जुन्या जीपचा चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून १५ व्होल्टपर्यंत गेला तर साधी बॅटरी पाणी मागून वेळ मारून नेते, एजीएम मात्र सुकून कायमची जाते. बोनेटखाली, इंजिनाला चिकटून असलेल्या ट्रेमध्ये, आपल्या उन्हाळ्यात मी ती सुचवणार नाही. बॅटरी सीटखाली किंवा मागे असेल तर विचार वेगळा. ज्या नव्या गाड्यांचे इंजिन सिग्नलवर आपोआप बंद-चालू होते त्यांना मात्र मुळात दिलेली ईएफबी (साध्या बॅटरीचाच सुधारित प्रकार) किंवा एजीएमच द्यावी लागते, साधी बॅटरी तेथे फार टिकत नाही.

लिथियम फॉस्फेट बॅटरी हलकी असते हे खरे, परंतु तिला स्वतःचे नियंत्रण मंडल (इलेक्ट्रॉनिक सर्किट) लागते आणि बोनेटखालची उष्णता तिला मानवत नाही. जंगलात ते मंडल बंद पडले तर धारणीच्या वायरमन दादांनाही काही करता येणार नाही. खात्रीची बॅटरी ती, जी आपल्या जवळच्या तालुक्याच्या गावी तपासता येते आणि बदलून मिळते, हा निकष मी क्षमतेनंतर लगेच ठेवतो.

संत्राबाग (अचलपूर):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जीप सलग आठवडाभरही उभी राहत नाही, पण एक गोष्ट सांगायची राहिली होती. बागेत फवारणीचा १२ व्होल्टचा लहान पंप आम्ही इंजिन बंद ठेवून जीपच्या बॅटरीवर चालवतो. त्याचा काही संबंध असेल काय? आणि दुकानात बॅटरी घेताना वॉरंटीचे नेमके काय पाहावे?

वायरमन (धारणी):

संबंध आहे, आणि मोठा आहे. असा पंप ५ अँपिअर जरी ओढत असला तरी चार-पाच तासांत २० ते २५ अँपिअर-अवर काढतो. सेल्फला ओढ मोठी असली तरी वेळ अगदी थोडा लागतो. २५० अँपिअर तीन सेकंद म्हणजे जेमतेम ०.२ अँपिअर-अवर. गाडीची बॅटरी अशा क्षणभराच्या मोठ्या ओढीसाठी बनवलेली असते, तासन्तास रिकामे होत जाणे तिला सोसत नाही. पंपासाठी सोलरवर वापरतात तशी वेगळी बॅटरी ठेवावी, किंवा निदान इंजिन चालू ठेवून फवारणी करावी.

वॉरंटीत दोन भाग असतात. पहिल्या काही महिन्यांत बॅटरी पूर्ण फुकट बदलून मिळते आणि उरलेल्या काळात नव्या बॅटरीच्या किमतीत सवलत मिळते. ‘४८ महिने’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले असेल तर त्यातले फुकट बदलून मिळण्याचे महिने किती, हे विचारावे आणि दोन दुकानांतल्या बॅटऱ्यांची तुलना त्याच आकड्यावर करावी. गाडी भाड्याने चालत असेल तर मुदत बहुधा कमी होते, हे जिप्सीवाल्या भावांनीही लक्षात ठेवावे. कार्डावर बॅटरीचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, तारीख आणि शिक्का दुकानातच भरून घ्यावा आणि पक्के बिल घ्यावे. तक्रार आल्यावर तपासणीसाठी बॅटरी ठेवून घेतात, तेवढ्या दिवसांसाठी सर्व्हिस बॅटरी देणार का, हेही आधी विचारावे. मेळघाटात राहणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर ब्रँडच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहे.

बॅटरी उचलण्याआधी तिच्यावरची बनावटीची तारीख पाहावी. सहा महिन्यांहून जुना माल, तोही पत्र्याच्या तापलेल्या गोदामात पडून असलेला, घेऊ नये. आपला मीटर सोबत न्यावा, १२.६ च्या आसपास यावे, १२.४ पेक्षा कमी आले तर दुसरी मागावी. जुनी बॅटरी त्याच विक्रेत्याला द्यावी. तिच्या वजनाचा मोठा भाग शिशाचा असल्याने भंगाराचे पैसे बिलातून वजा होतात, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. फिरत्या भंगारवाल्याला दिली तर तो आम्ल नालीत ओततो, आणि तेच पाणी पुढे कोणाच्या तरी विहिरीत मुरते.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. टर्मिनल आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी, आतल्या संपर्काच्या जागी नको.

संत्राबाग (अचलपूर):

काल बॅटरी बसवली. पुस्तिकेत दिलेल्या मापाचीच, झाकणांची घेतली. पहिल्या दुकानात मिळालेल्या बॅटरीवर १२.३ आले आणि तारीखही बरीच जुनी होती, म्हणून दुसऱ्या दुकानातून ताज्या तारखेची, १२.६५ ची घेतली. सेल्फ मारताना आता १०.६ पर्यंतच उतरते, अर्थिंगवर ०.१ कायम आहे आणि हेडलाइट लावून चार्जिंग १४.१ येते. ट्रेखाली रबर टाकले, क्लॅम्पचा एक बोल्ट गंजून आटे गेलेला होता तो बदलला, सहाही सेलचे आकडे कार्डाच्या मागे लिहून ठेवले. फवारणीच्या पंपासाठी वेगळी बॅटरी किती अँपिअर-अवरची घ्यावी, यासाठी पंपाचा प्रवाह मोजून नवा धागा काढतो.